बुलेव्हार्ड म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडला नवा टॉवर उठला की त्याच्या माहितीपत्रकात हा शब्द ठरलेला. पामबीच मार्गाचं कौतुक करतानाही तो हटकून येतो. त्यामुळे ठाण्या-नवी मुंबईकडून याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. बुलेव्हार्ड म्हणजे काय? थोडक्यात सांगा.

शहरातला प्रशस्त रस्ता. दुतर्फा झाडं, चालायला ऐसपैस पदपथ आणि बहुतेकदा मध्ये किंवा कडेला हिरवा पट्टा. आजच्या वापरात एवढा अर्थ पुरतो. पण शब्द जन्मला तेव्हा त्यात रस्ताही नव्हता आणि झाडंही नव्हती.

२. मग शब्द आला कुठून?

इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, अठराव्या शतकात. फ्रेंचांनी तो त्याआधी बऱ्याच काळापूर्वी डचांकडून घेतला होता. मध्ययुगीन डच भाषेत ‘बोलवेर्क’ म्हणजे लाकडी ओंडके किंवा फळ्या रचून केलेलं संरक्षक बांधकाम. ‘बोल’ म्हणजे ओंडका, ‘वेर्क’ म्हणजे काम. जर्मनमध्ये ‘बोलवेर्क’ आजही तटबंदी या अर्थाने आहे आणि इंग्रजीतला ‘बुलवर्क’ हा त्याचाच भाऊ. फ्रेंचांच्या तोंडी शब्द झिजला, शेवटचा ‘क’ गळाला. आधी तो तटाच्या माथ्यावरच्या सपाट जागेला लावला जाई, जिथे तोफा ठेवत आणि पहारेकरी फिरत. एका देशातला तटाचा शब्द दुसऱ्या देशात फिरायला जायच्या रस्त्याचा झाला, तो कसा ते पुढच्या उत्तरात.

३. तटबंदीचा रस्ता कसा काय झाला?

तट पाडल्यामुळे. १६७० मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसची तटबंदी काढायला सांगितली. आपल्या राज्याच्या सीमा आता इतक्या भक्कम आहेत की राजधानीला भिंतीची गरज नाही, असा त्यामागचा आत्मविश्वास. तट गेला, खंदक बुजवले, आणि जी लांबच लांब, रुंद, वळत जाणारी पट्टी मोकळी झाली तिच्यावर झाडांच्या रांगा लावून लोकांना फिरायला जागा केली. जागा बदलली तरी नाव जुनंच राहिलं. पॅरिसचे ‘ग्राँ बुलव्हार’ म्हणतात ते हे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पट्टीची रुंदी कुणी नगररचनाकाराने कागदावर आखलेली नव्हती, तट आणि खंदक मिळून जेवढी जागा व्यापत तेवढी ती होती. म्हणजे रुंदपणा हा या रस्त्याला वारशात मिळालेला गुण आहे. आणि तो गाड्यांसाठी नव्हे, पायी रमतगमत जाणाऱ्यांसाठी वापरला गेला. पुढे उपाहारगृहं, नाटकघरं, दुकानं सगळी या पट्टीवर आली, कारण संध्याकाळी माणसं तिथे असत.

४. रस्ता किती रुंद असला की त्याला बुलेव्हार्ड म्हणायचं? काही नियम आहे का?

नाही. आपल्याकडच्या रस्त्यांच्या अधिकृत वर्गवारीत हा शब्दच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची मानकं शहरातले रस्ते धमनी (आर्टिरियल), उपधमनी, संकलक आणि स्थानिक अशा प्रकारांत मांडतात. त्यांच्या १९७७ च्या मानकात धमनी रस्त्यासाठी साधारण ५० ते ६० मीटर, उपधमनीसाठी ३० ते ४०, संकलकासाठी २० ते ३० आणि स्थानिक रस्त्यासाठी १० ते २० मीटर जागा सुचवलेली होती. महापालिकेच्या विकास आराखड्यात ज्याला आपण ‘डीपी रोड’ म्हणतो त्याच्यापुढेही मीटरांत रुंदी लिहिलेली असते, पण ‘बुलेव्हार्ड’ असं काही नसतं.

म्हणून विक्रीच्या कार्यालयात कुणी ‘बुलेव्हार्ड फेसिंग’ म्हणालं तर सरळ विचारावं, हा डीपी रस्ता आहे का, किती मीटरचा आहे, आणि महापालिकेच्या ताब्यात आलाय की अजून सोसायटीच्या आतला खाजगी रस्ता आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की विशेषणाची गरज उरत नाही.

५. बुलेव्हार्ड आणि अ‍ॅव्हेन्यू यांत फरक काय?

मूळ फरक दिशेचा आहे. ‘अ‍ॅव्हेन्यू’ हाही फ्रेंच शब्द, ‘येऊन पोचणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. मोठ्या वाड्याच्या दरवाजाशी नेणारा, दोन्ही बाजूंना झाडं असलेला सरळ रस्ता म्हणजे अ‍ॅव्हेन्यू. तो कुठेतरी नेतो. बुलेव्हार्ड तटाच्या रेषेवरून जात असल्याने तो शहराभोवती फिरतो.

पॅरिसचा जगप्रसिद्ध शाँझेलिझे म्हणूनच बुलव्हार नाही, अ‍ॅव्हेन्यू आहे. कितीतरी लोक बोलताना त्याला बुलेव्हार्ड म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मात्र हा फरक पॅरिसमध्येच पुसट झाला (प्रश्न ६). अमेरिकेत तर तो कधी नव्हताच. तिथे लॉस एंजेलिसचा सनसेट बुलेव्हार्ड कुठल्याही तटावरून जात नाही, फक्त लांब आणि मोठा आहे.

६. हा फरक पुसला कुणी?

मुख्यतः झॉर्झ-एझेन ओस्मान याने. १८५३ ते १८७० या काळात तो सेन विभागाचा (पॅरिस त्यातच येई) प्रशासक होता आणि तिसऱ्या नेपोलियनच्या पाठबळावर त्याने दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढले. हवा आणि उजेड यावा, सांडपाण्याच्या नव्या वाहिन्या घालता याव्यात, रेल्वे स्थानकं जोडली जावीत ही कारणं होती. अरुंद गल्ल्यांत उठावकरी अडथळे रचून बसत, त्यांना आळा बसावा हेही होतं. त्याचा बुलव्हार सेबास्तोपोल शहराच्या पोटातून उत्तर-दक्षिण जातो. तिथे कुठलाही तट नव्हता, घरं होती, ती पाडली. तेव्हापासून ‘बुलेव्हार्ड’ म्हटल्यावर जगाच्या डोळ्यांसमोर येतो तो ओस्मानचा रस्ता. नगररचनेत आजही ज्याची नक्कल होते तोही हाच.

७. पामबीच मार्गाला बुलेव्हार्ड म्हणता येईल का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. वाशीपासून बेलापूरपर्यंतचा साधारण दहा किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता बाह्य लक्षणांत जवळजवळ बसतो. झाडं आहेत, दुभाजक हिरवा आहे, आणि एका बाजूला सानपाडा, नेरूळ, सीवूड्सची वस्ती तर दुसऱ्या बाजूला खाडीकडची कांदळवनं, म्हणजे शहराच्या कडेकडेनेच जातो. दिशेच्या कसोटीवर (प्रश्न ५) तो अ‍ॅव्हेन्यूपेक्षा बुलेव्हार्डच्या जास्त जवळचा.

तरी मी त्याला बुलेव्हार्ड म्हणणार नाही. त्या रस्त्यावर माणूस नाही. थेट रस्त्यावर उघडणारी दुकानं, चहाची टपरी, बाकावर बसलेली म्हातारी मंडळी यातलं फारसं काही दिसत नाही. गाड्या सुसाट जातात, आणि पायी ओलांडायचं तर सिग्नल गाठावा लागतो. लोक फिरतात ते रस्त्याला लागून असलेल्या नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत, धारण तलावाभोवती. म्हणजे रुंदी रस्त्याला मिळाली आणि फेरफटका शेजारच्या बागेला. इंग्रजीत अशा रस्त्याला ‘पार्कवे’ किंवा ‘ड्राइव्ह’ म्हणतात, ते जास्त प्रामाणिक.

जाता जाता: सखल खाजण जमिनीवर वसवलेल्या या शहरात भरतीचं पाणी बाहेर रोखायचं आणि पावसाचं पाणी ओहोटीला सोडायचं, यासाठी सिडकोने जे धारण तलाव केले ते डच पद्धतीचे. शब्दही डच, तलावही डच. योगायोगच, पण मला तो आवडतो.

८. आणि घोडबंदर रोड?

नाही. तो राज्य महामार्ग आहे आणि बंदराकडून गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं त्यावरूनच जातात. सर्व्हिस रोड, उड्डाणपूल, वर मेट्रोचे खांब. त्याच्या आतल्या बाजूला मोठ्या वसाहतींत जे झाडांचे रस्ते केले आहेत त्यांतले काही दिसायला शोभतात, पण त्यांच्याबद्दल प्रश्न ४ मधले तीन प्रश्न आधी विचारावेत.

९. म्हणजे ठाण्यात बुलेव्हार्ड नाहीच?

तट पाडून रस्ता केलाय असा, नाही. ठाण्याचा किल्ला पाडला गेलाच नाही. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तेव्हा काम अजून अपुरं होतं, आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. पुढे त्याचा तुरुंग झाला. आजचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे तोच किल्ला. त्या तटावर संध्याकाळी फिरायला जाण्याची इच्छा कुणी धरू नये.

पण वापराच्या दृष्टीने विचाराल तर माझं मत तलावपाळीला. मासुंदा तलावाचा काठ, चालण्याची जागा, भेळ-कुल्फी, एका अंगाला गडकरी रंगायतन, कट्ट्यावर बसलेले तरुण आणि निवृत्त असे दोन्ही. रस्ता मोजायला गेलं तर रुंद नाही, संध्याकाळी तर मुंगीला जागा नसते. तरी जुन्या पॅरिसकरांना बुलव्हारवर जायचं म्हणजे जे करायचं असे, ते ठाणेकर तलावपाळीवर करतात. निव्वळ मीटर मोजणाऱ्यांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

१०. ‘बुरूज’ आणि ‘बुलेव्हार्ड’ हे एकच शब्द आहेत का? दोन्हींचा संबंध तटाशी आहे.

नाही. ‘बुरूज’ आपल्याकडे अरबी ‘बुर्ज’वरून फारसीमार्गे आला. ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळतात म्हणून फसगत होते, पण घराणी वेगळी.

मात्र खऱ्या नात्यातला एक शब्द कोकणात शेकडो वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. पोर्तुगीज भाषेत किल्ल्याच्या बुरुजाला ‘बालुआर्ते’ म्हणतात, आणि तो शब्द जुन्या फ्रेंचमार्गे त्याच डच ‘बोलवेर्क’पर्यंत पोचतो. वसईच्या किल्ल्याच्या बुरुजांना पोर्तुगिजांनी संतांची नावं दिली होती, त्यांच्या लेखी हे सगळे बालुआर्ते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली तेव्हा सुरुंग लावले ते बुलेव्हार्डच्या सख्ख्या चुलतभावांना, असं गमतीने म्हणता येईल. वसई पुढे कितीतरी काळ ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ मध्ये ती पालघरमध्ये गेली.

११. मुंबईचा कोटही पाडला होता ना? तिथे बुलेव्हार्ड का नाही झाला?

चांगला प्रश्न, कारण परिस्थिती हुबेहूब तीच होती. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६० च्या दशकात मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या. जागा मोकळी झाली, तिथे रुंद रस्ते आणि आजही दिमाखात उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारती आल्या. पण इंग्रजांनी फ्रेंच नाव घेतलं नाही. त्यांनी एका रस्त्याला सरळ ‘रॅम्पार्ट रो’ म्हटलं, म्हणजे तटाची आळी. काळा घोड्याजवळचा आजचा के. दुभाष मार्ग तो. अर्थाच्या दृष्टीने मुंबईतलं ‘बुलेव्हार्ड’ या शब्दाच्या सर्वांत जवळचं नाव तेच होतं, आणि ते पुसलं गेलं.

दुसरं नाव ‘एस्प्लनेड’. किल्ल्यावरून शत्रू स्पष्ट दिसावा, तोफेला मारा करता यावा म्हणून तटासमोर जे सपाट मैदान राखत त्याला एस्प्लनेड म्हणत. एस्प्लनेड रोडचा पुढे महात्मा गांधी मार्ग झाला. भिंत गेली, तरी दरवाजा नावापुरता राहिला: चर्चगेट स्थानक. आणि जुने लोक अजून फोर्टला ‘कोट’ म्हणतात.

१२. भारतात खरोखर बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे का?

श्रीनगरला जाऊन आलेल्यांना माहीत असतो. दल सरोवराच्या काठाने जाणारा बुलेव्हार्ड रोड, जिथे एका बाजूला हॉटेलं आणि दुसऱ्या बाजूला शिकाऱ्यांचे घाट. तट नाही, पाण्याचा काठ आहे. पोलिश भाषेतही ‘बुल्वार’ म्हटलं की नदीकाठचा फेरफटक्याचा रस्ता समजतात, तेव्हा काश्मीरचा वापर एकटा नाही.

मूळ फ्रेंच अर्थाने हवा असेल तर पुद्दुचेरी. जुन्या शहराभोवती अंडाकृती फिरणारे रस्ते एकेकाळच्या तटाच्या जागी आहेत आणि फ्रेंच काळात ते बुलव्हारच म्हणवले. आता त्यांची नावं बदलली आहेत, पण नकाशा वरून पाहिला की तटाचा आकार अजून दिसतो.

१३. ‘बूल’ म्हणजे चेंडू आणि ‘व्हेर’ म्हणजे हिरवा, हिरवळीवर चेंडूचा खेळ खेळत म्हणून बुलेव्हार्ड, असं वाचलं. खरं का?

नाही, पण ही दंतकथा जुनी आणि गोड आहे. जुन्या फ्रेंच लिखाणात ‘बुलव्हेर’ असंही रूप सापडतं, त्यावरून कुणीतरी ही फोड रचली. ‘बोल’ म्हणजे झाडाचं खोड, म्हणून झाडांचा रस्ता, ही दुसरी कल्पनाही तशीच चुकीची. खोड आहे खरं, पण ते कापून तटात रचलेलं (प्रश्न २). रस्त्याकडेची झाडं बऱ्याच नंतर आली.

१४. याला मराठी शब्द काय?

एका शब्दात नेमका नाही. ‘राजपथ’ आणि ‘राजमार्ग’ भारदस्त आहेत, पण त्यांत राजाची स्वारी आहे, फिरायला निघालेला सामान्य माणूस नाही. दिल्लीच्या राजपथाचं २०२२ मध्ये कर्तव्यपथ झालं, तेव्हा तो शब्द तसाही मोकळाच आहे म्हणा. ‘महामार्ग’ म्हणजे हायवे, तो इथे अजिबात चालणार नाही. ‘हमरस्ता’ छान, घरगुती शब्द, पण त्यात मुख्य रहदारीचा अर्थ आहे, झाडांचा नाही. ‘वीथी’ संस्कृतातून आलेला, आता कलादालनाच्या पाट्यांवर उरला आहे. अनुवाद करताना मी बहुधा ‘दुतर्फा झाडांचा प्रशस्त रस्ता’ असं मोकळं लिहितो आणि दुसऱ्यांदा नुसतं ‘रस्ता’. विशेषनाम असेल तर मात्र बुलेव्हार्डच ठेवावं.

१५. जर्मनीत ‘बुलेव्हार्ड वृत्तपत्र’ म्हणतात ते काय?

सनसनाटी बातम्यांची, रस्त्यावर हातोहात विकली जाणारी वर्तमानपत्रं. पॅरिसमध्येही ‘बुलव्हारचं नाटक’ म्हणजे हलकंफुलकं, गर्दी खेचणारं. तिथल्या बुलव्हार द्यू ताम्प्लवर खून-दरोड्यांची इतकी नाटकं होत की लोक त्याला ‘गुन्ह्यांचा बुलव्हार’ म्हणत. १८६२ मध्ये ओस्मानच्या कामात ती नाटकघरं पाडली गेली.

छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये काढलेला याच रस्त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. छायाचित्र उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे चालती माणसं, घोडागाड्या काहीच उमटलं नाही. पॅरिसचा गजबजलेला रस्ता त्यात ओस दिसतो. फक्त कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस दिसतो. छायाचित्रात टिपलेला पहिला माणूस म्हणून त्याचा उल्लेख होतो.

१६. तुम्ही म्हणता माणसं चालत नसतील तर बुलेव्हार्ड नव्हे. मग पॅरिसचा पेरिफेरिक?

इथे माझा मुद्दा अडचणीत येतो, कबूल. ‘बुलव्हार पेरिफेरिक’ हा १९७३ मध्ये पूर्ण झालेला सुमारे ३५ किलोमीटरचा रिंगरोड निव्वळ वाहनांचा आहे. पायी जाणाऱ्याला तिथे प्रवेशच नाही. पामबीच त्यापुढे बाग वाटेल. पण त्याची रेषा पॅरिसच्या शेवटच्या तटाला, १८४० च्या दशकात उभारलेल्या भिंतीला, बाहेरून लागून जाते. म्हणजे जागेच्या हिशेबाने तो शाँझेलिझेपेक्षा अस्सल बुलेव्हार्ड आहे. शब्दाचे दोन धागे आहेत, एक तटाचा आणि एक फेरफटक्याचा. ग्राँ बुलव्हारांत दोन्ही होते, पेरिफेरिकमध्ये पहिला उरला, तलावपाळीत दुसरा. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो, ही माझी आवड झाली, व्याकरण नव्हे.

१७. उच्चार कोणता बरोबर? आणि मराठीत लिंग कोणतं?

फ्रेंच उच्चार ‘बुलव्हार’, शेवटचा ‘ड’ मुका. इंग्रजीत ‘बूलवार्ड’च्या जवळपास. मराठीत ‘बुलेव्हार्ड’ रुळलाय, तोच ठेवावा. फ्रेंच रस्त्यांची नावं लिहिताना ‘बुलव्हार’ लिहिलं तर शोभतं, या उत्तरांत मीही तसंच केलं आहे. लिंग पुल्लिंगी, रस्त्यासारखं: तो बुलेव्हार्ड, ते बुलेव्हार्ड.

१८. आमच्या सोसायटीच्या इंग्रजी नावात या शब्दाचं चार अक्षरी संक्षिप्त रूप आहे. मराठी पाटीवर कसं लिहू?

संक्षेप देवनागरीत आणू नका, ‘बीएलव्हीडी’ कुणालाच कळणार नाही. पूर्ण ‘बुलेव्हार्ड’ लिहा. पत्रव्यवहारात आणि आधार-पासपोर्टच्या पत्त्यात मात्र नोंदणीच्या कागदावर जे नाव आहे तेच, अक्षरन् अक्षर तसंच ठेवा. आणि खाली सेक्टर, नाका किंवा जवळचा बसथांबा लिहायला विसरू नका, कारण कुरियरवाला फोन करून तेच विचारणार आहे.